गोळीचा हिशेब

चित्रपटातील बंदुकीविषयी आमच्या पाळकवर्गात बहुधा दोनच मते ऐकू येतात. एक, असले चित्रपट पाहूच नयेत. दुसरे, ती केवळ करमणूक आहे, मनावर घेऊ नये. ह्या दोहोंपेक्षा निराळे असे तिसरे मत आम्हांस अलीकडे बऱ्हाणपूर जिल्ह्यातील शाहपूर येथे ऐकावयास मिळाले.

शाहपूर हे केळीच्या बागांचे, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे गाव. राज्य मध्य प्रदेशाचे, पण मराठी बोलणारी घरे पुष्कळ. तेथील एका निवृत्त सैनिकाच्या घरी आम्ही ‘शोले’ पुन्हा पाहिला. गृहस्थ बंदुकीचे दर्दी आहेत. चित्रपट चालू असता ते कथा पाहत नाहीत, गोळ्या मोजतात. नायकाने सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून नववा बार काढला की ते मोठ्याने हसतात. गोळी लागलेला माणूस चार हात मागे उडाला की म्हणतात, “पाद्रीबाबा, एवढा धक्का असता तर तो बार काढणाऱ्यालाही तितकाच बसला असता की!” बंद खोलीत बार झाल्यावर पात्रे हळू आवाजात बोलू लागतात, हेही त्यांस खपत नाही. बंदुकीचा आवाज १४० डेसिबलच्या वर जातो. त्यानंतर बराच वेळ कानांत घंटा वाजत राहते.

हे छिद्रान्वेषण आम्हांस प्रथम पोरकट वाटले. परंतु ‘शोले’तील एका प्रसंगाने आमचे मत बदलले. परतलेल्या तीन साथीदारांपुढे गब्बर सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर घेतो, तीन गोळ्या हवेत उडवतो आणि सिलिंडर फिरवतो. तिघांच्या डोक्याशी घोडा तीनदा ओढला जातो व तीनदा नुसताच खटका वाजतो. सारे हसू लागतात, आणि मग तो तिघांनाही मारतो. आमच्या यजमानांनी पडदा थांबवून समजावले की, हा हिशेब चुकलेला नाही. उडवलेली तीन घरे सिलिंडरमध्ये शेजारीशेजारी असतात; फिरून थांबताना त्यांतील पहिले घर नळीसमोर आले, तर तीन खटके आणि त्यामागून तीन बार हाच क्रम येणार. सहांत एक वेळ तसे घडू शकते.

म्हणजे येथे गोळ्यांचा हिशेब बरोबर आहे. तरीही ह्याच प्रसंगावर आमचा मुख्य आक्षेप आहे. ती तीन माणसे कोणाची होती? त्यांना आई होती काय? चित्रपट ते विचारीत नाही, आणि गब्बराच्या हास्यात सामील झालेला प्रेक्षकही विचारीत नाही. यजमान गोळी नळीतून निघेपर्यंत मोजतात. ती लागल्यानंतर कोठे जाते, हे मोजण्याचे काम समीक्षकाचे.

त्यासाठी त्याच वर्षीचा, १९७५ चा, त्याच सलीम-जावेद ह्यांनी लिहिलेला ‘दीवार’ पाहावा. त्यात रवी हा पोलीस अधिकारी पळणाऱ्या मुलाच्या पायावर गोळी झाडतो आणि मग त्यास कळते की मुलाने चोरली होती ती केवळ भाकरी. रवी त्याच्या घरी अन्न घेऊन जातो. आई त्यास दारातच फटकारते. बाप, जो शिक्षक होता, चोरी ती चोरीच म्हणतो. बार एकच आहे, आणि मारामारीच्या रसिकास त्यात काही नाही. परंतु गोळी एका घरात शिरली आणि झाडणाराही तिच्यामागोमाग त्या घरात गेला, असे आमच्या चित्रपटांत क्वचितच दिसते. बापाची भूमिका ए. के. हंगल ह्यांची, ‘शोले’तही तरुण मुलाचे प्रेत ज्याच्या दारी येते तो अंध इमाम तेच. हा योगायोगच असेल. पण ‘शोले’ जेव्हा त्या म्हाताऱ्याच्या शेजारी क्षणभर थांबतो, तेव्हा तोही ‘दीवार’च्या उंचीस पोहोचतो, हे मान्य केले पाहिजे.

पडद्यावरील बंदूक जणू आकाशातून पडते. ह्याच जिल्ह्यात खकनार भागातील पाचोरी गाव गावठी कट्टे बनविण्याबद्दल वारंवार पोलीस कारवायांत आले आहे. ज्या शिकलगर समाजाचे नाव त्यासंबंधी घेतले जाते, त्याचा मूळ धंदा तलवारींस धार लावण्याचा व शस्त्रे घडविण्याचा. तो धंदा बुडाल्यावर त्यातील काहीजण ह्या मार्गास लागले. सबंध समाजास त्यावरून दूषणे देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्रनिर्मितीस किमान ७ वर्षे ते जन्मठेप अशी शिक्षा आहे. भंगारातील नळीचा कट्टा कधी धरणाऱ्याच्या हातातच फुटतो. असा कट्टा आम्ही कोणत्याही नायकाच्या हाती पाहिला नाही.

नकली म्हणून धरलेली बंदूकही हिशेब मागते. १९९३ मध्ये ‘द क्रो’च्या चित्रीकरणात ब्रँडन ली हा नट मरण पावला, नळीत अडकून राहिलेली गोळी रिकाम्या काडतुसाच्या बाराने सुटली होती. २०२१ मध्ये ‘रस्ट’च्या चित्रीकरणात हलिना हचिन्स ह्या छायाचित्रकार बाई खऱ्या गोळीने गेल्या, आणि शस्त्रांची देखरेख करणारीस २०२४ मध्ये दोषी ठरविण्यात आले. आमचे यजमान ह्या दोन गोष्टी सांगताना मुळीच हसले नाहीत. बंदुकीचा खरा दर्दी तिला भितो, हे आम्हांस तेव्हा उमगले.

राहिला ‘शोले’चा शेवट. आणीबाणीच्या काळात परिनिरीक्षण मंडळाने तो बदलावयास लावला. मूळ शेवटात हात तुटलेला ठाकूर गब्बरास पायांनी ठार करतो. प्रदर्शित चित्रपटात पोलीस येऊन गब्बरास नेतात. कायद्याची बाजू राखली गेली, पण सूड पुरा झाल्यावर ठाकूर ढसढसा रडतो, ते रडणेही कात्रीत गेले. २०२५ मध्ये मूळ शेवटासह चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला. आम्ही सूडाचे समर्थक नाही. तरीही हाच शेवट आम्हांस अधिक प्रामाणिक वाटतो, तो त्या रडण्यामुळे. यजमानांचे मत विचारले, तेव्हा ते म्हणाले, “ह्यात बंदूकच नाही, मी काय सांगू?” आणि थोड्या वेळाने त्यांनी तो प्रसंग पुन्हा लावला.