कुठलंही जग चालेल म्हणे

मजकुरातून खेळायच्या भूमिकाखेळांत शिरलं की हल्ली दारातच मेन्यूकार्ड हातात देतात. २०१९ साली 'एआय डन्जन' आला तेव्हा पहिल्याच पडद्यावर यादी होती: जादूचं राज्य, रहस्यकथा, प्रलयानंतरची पृथ्वी, झाँबी, आणि यातलं काहीच नको असेल तर तुमचं तुम्ही लिहा. डिस्कॉर्डवरच्या मंडळींनी पुढची मजल मारली आणि निवडीची कटकटच मिटवली. 'मल्टिव्हर्स' अशी पाटी लावली की सामुराई, व्हँपायर, हॉगवर्ट्सचा विद्यार्थी आणि नारुतोच्या गावचा निंजा एकाच खानावळीत येऊन बसू शकतात. बसतातही. सगळे आपापल्या डोळ्यांचा रंग आणि झग्याची सळसळ तीन-तीन परिच्छेदांत वर्णन करतात, एकमेकांकडे गूढपणे पाहतात, आणि पुढे काही घडत नाही. घडणार कसं? यातल्या कुणालाच दुसऱ्याकडून काहीही नको असतं.

या प्रकाराला स्वातंत्र्य म्हणून मिरवलं जातं, म्हणून हा लेख.

रोग जुनाच आहे. कोपनहेगन विद्यापीठातल्या पाच विद्यार्थ्यांनी १९९१ मध्ये डिकूमड हा अनेकांनी मिळून खेळायचा मजकूरखेळ (अशा खेळांना 'मड' म्हणतात) खुला केला आणि त्याच्यासोबत एक तयार जगही फुकट वाटलं. मिडगार्ड नावाचं शहर, त्याचं देऊळ, देवळाचा खोली क्रमांक ३००१. पुढच्या दहा वर्षांत निघालेल्या असंख्य खेळांत नवा खेळाडू डोळे उघडायचा तो याच देवळात, आणि खालच्या चौकाकडे जाताना लागणाऱ्या पायऱ्याही त्याच. मर्क आणि सर्कल या डिकूच्या पोटच्या घराण्यांनी त्यात भर घातली. एका रस्त्याला मोरिया, दुसऱ्याला जिवंत सोंगट्यांचा बुद्धिबळाचा पट, जरा पुढे स्मर्फांचं गाव. टॉल्किनच्या काळोख्या खाणीतून बाहेर पडून निळ्या बुटक्यांची कत्तल करायला जाणं हे तेव्हा कुणाला चमत्कारिक वाटलं नाही, कारण जग हे मारामारीच्या मागे टांगलेला पडदा होता. पडद्याला सुसंगतीची गरज नसते. आज खानावळीत जमलेला तो निंजा याच परंपरेचा वारस आहे. फरक एवढाच की पूर्वी निदान स्मर्फ मारला तर गुण मिळायचे.

व्हँपायर-खेळांतल्या दरबारांबद्दल लिहावंसं वाटत नाही. अमेरिकेतल्या प्रत्येक मोठ्या शहराला नव्वदच्या दशकात एक निशाचर राजपुत्र लाभला आणि प्रत्येकाचा राजवाडा पावसात भिजत होता. सुपरहिरोंच्या खेळांचा प्रश्न गणिताचा आहे: बॅटमॅन एक, उमेदवार चाळीस. डिस्कवर्ल्ड मड उत्तम आहे, पण तिथे लोक प्रॅचेटचा विनोद पुन्हा चाखायला जातात, आणि तो पुस्तकात जास्त चांगला आहे.

पुस्तकांतून उचललेल्या जगांना मात्र सरसकट मोडीत काढता येणार नाही. अॅन मॅकॅफ्रीच्या पर्नवर उभे राहिलेले मश-प्रकारचे (मडच्याच कुळातले) खेळ इतकी वर्षं का टिकले? ड्रॅगनमुळे, असं कुणीही सांगेल. माझं उत्तर वेगळं आहे. लेखिकेनं चाहत्यांना परवानगी देताना पुस्तकातली पात्रं वापरायला मज्जाव केला होता. म्हणजे नायक-नायिकांच्या खुर्च्या आधीच काढून घेतल्या आणि उरलं ते गाव: विणकर, वैद्य, गवई, गढीचे मालक, आणि आकाशातून पडणारे, पिकं खाऊन टाकणारे धागे. ड्रॅगन हवा असेल तर उमेदवार म्हणून नाव घालायचं, अंडी फुटण्याच्या दिवसाची वाट पाहायची आणि तापलेल्या वाळूवर उभं राहायचं. पिल्लू तुमच्याकडे येईल किंवा शेजारच्याकडे जाईल. सोनेरी मादी तर एखाद्यालाच. आठवडेच्या आठवडे वाट पाहणारी ही माणसं तोवर काय करत? भांडत, मैत्री करत, कारागिरांच्या सभेत तक्रारी नेत. खेळ तिथे होता. ड्रॅगन हे निमित्त.

टॉल्किनच्या मध्य-पृथ्वीवरच्या म्यूम या खेळानं नायकांच्या खुर्च्यांची हीच अडचण काळ निवडून सोडवली. बिल्बोला अंगठी सापडली आहे आणि फ्रोडो अजून निघालेला नाही, या मधल्या वर्षांत तो खेळ चालतो. युद्ध येणार हे खेळणारा जाणतो, पात्र जाणत नाही. प्रसिद्ध काळाच्या कडेला उभं राहून अनोळखी माणसांची गोष्ट सांगण्याची ही युक्ती आपल्याकडे गुंजीकरांनी 'मोचनगडा'त १८७१ साली वापरली होती. त्यांच्या नंतरच्या बहुतेकांनी ती सोडून दिली, पण तो मुद्दा पुढे येईल.

जेमस्टोन या खेळाचं उदाहरण तर डोळे उघडणारं आहे. त्याचं जग आयर्न क्राउन या कंपनीकडून भाड्यानं घेतलेलं. १९९५ च्या सुमारास तो करार संपला आणि देव, वंश, गावं यांची नावं बदलावी लागली. केल्फर्स लँडिंग होतं ते वेनिमर्स लँडिंग झालं. गाव उठलं नाही. चौकात बसणारी माणसं तीच, त्यांची देणीघेणी तीच. ज्याला आपण खेळाचं विश्व म्हणतो त्यातला नावं, वंशावळ्या, नकाशे हा भाग एका रात्रीत बदलता येतो, हे त्या गावानं सिद्ध केलं. मग काय बदलता येत नाही? माणसं एकमेकांवर कशासाठी अवलंबून आहेत ते.

इथे मला दोन खेळांवर रेंगाळायचं आहे.

स्कॉटोस या कंपनीचा 'कॅसल मराक' २००० साली सुरू झाला. बाहेर न संपणारा हिवाळा, आत एक किल्ला, आणि त्यात दीर्घ झोपेतून एकेक करून जागी होणारी माणसं, ज्यांना आधीचं फारसं आठवत नाही. ही कल्पना ऐकायला साधी वाटते. ती किती कामं करते ते पाहा. नव्या खेळाडूला काहीच माहीत नसतं. त्याच्या पात्रालाही नसतं, त्यामुळे त्याचं अज्ञान हास्यास्पद ठरत नाही. बाहेर बर्फ आहे, म्हणून कुणी रुसून निघून जाऊ शकत नाही. मारायला राक्षस नाहीत, म्हणून वर चढायचं तर कुणाची तरी मर्जी संपादन करायची, द्वंद्वाचं आव्हान द्यायचं किंवा कुणाचं गुपित राखायचं. बाहेरच्या तटातून आतल्या तटात प्रवेश मिळणं ही तिथली मोठी घटना. लॅम्बडामूमध्ये पावेल कर्टिसनं स्वतःच्या घराच्या नकाशावरून खेळ उभारला आणि पाहुण्याला कोटांच्या अंधाऱ्या कपाटात जागं केलं, तेव्हा असाच काहीसा परिणाम योगायोगानं साधला होता. मराकमध्ये तो विचार करून साधलेला आहे.

दुसरा 'आर्मागेडन', १९९१ पासूनचा. त्याचं झालांथस हे वाळवंट 'डार्क सन' या भूमिकाखेळाच्या जगावरून सुचलेलं, हे उघड आहे आणि त्याला माझी हरकत नाही. तिथे धातू जवळजवळ नाही. हत्यारं हाडाची, दगडाची, काळ्या काचेची. पाणी विकत घ्यावं लागतं. अलानाक शहरात मूलतत्त्वांवर सत्ता चालवणाऱ्या माणसाला गळ्यात खडा घालून फिरावं लागतं, म्हणजे रस्त्यावर लोकांना बाजूला सरकता येतं. एल्फ कशावरही स्वार होत नाहीत, ते पळतात. पात्र मेलं की मेलं. पडद्यावर नाकतोड्यासारख्या किड्याचं डोकं दिसतं आणि वर्ष-दोन वर्षं जगलेला माणूस संपतो.

पण मला या खेळाचं सगळ्यात मोठं यश दुसरीकडे दिसतं. समोर आलेल्या माणसाचं नाव तिथे दिसत नाही. दिसतो तो 'उंच, व्रण असलेला पुरुष'. नाव त्यानं सांगायचं, आणि तो खोटं सांगू शकतो. परकी भाषा येत नसेल तर शब्दांऐवजी निरर्थक अक्षरं ऐकू येतात. शेजारच्या टेबलावरची कुजबूज ऐकायला कान तयार करावे लागतात. ज्या माध्यमात शब्दांखेरीज काहीही नाही, त्यात या लोकांनी शब्द दुर्मीळ केला. (प्रत्येकाला मनोमन निरोप धाडण्याची जी सोय त्यांनी देऊन ठेवली आहे ती मात्र मला आजतागायत पटलेली नाही. एवढं वाळवंट पसरायचं आणि मग सगळ्यांच्या डोक्यात टेलिफोन बसवायचा!)

मराक आणि झालांथस यांच्यात बाहेरून काहीही साम्य नाही. आतून दोघांचं काम एकच: नाकारणं. मराक बाहेरची वाट नाकारतो, झालांथस पाणी, लोखंड आणि ओळख. आणि जे नाकारलं जातं त्यासाठी माणसं एकमेकांच्या दारात जातात. खेळाचा विषय निवडणं म्हणजे हे नकार निवडणं. उडती जहाजं, तीन चंद्र आणि सात देवांची नावं हा शिंप्याचा विभाग झाला.

यावर एक आक्षेप घेतला जातो: निर्बंध लादले की सुचणं थांबतं. असं म्हणणाऱ्यानं सिंधुदुर्गात किंवा गोव्यात जाऊन एखादा दशावतार पाहावा. संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरतं, भूमिका वाटल्या जातात आणि नट रंगमंचावर जाऊन संवाद तिथल्या तिथे रचतात. शेवट सगळ्या गावाला पाठ असतो. राक्षस मरणार हे राक्षसालाही माहीत असतं, तरी तो देवाशी वाद घालताना लोकांना पहाटेपर्यंत खिळवतो. त्या नटाला 'आज कुठलंही आख्यान, कुठलंही पात्र, काहीही बोल' असं सांगितलं तर तो काय करील? बहुधा विडी पेटवून बसेल.

आता यंत्राकडे येतो, कारण खरं भांडण त्याच्याशी आहे. भाषेची प्रारूपं आली आणि 'खेळाला जग निवडायची गरजच उरली नाही' असं आनंदानं सांगणारे भेटू लागले. तुम्ही म्हणाल ते जग क्षणात हजर. खिशात तलवार आहे म्हणा, आहे. राजा तुमचा मामा आहे म्हणा, राजा मिठी मारतो. यंत्र सुंदर लिहितं की सामान्य, हा वाद मला गौण वाटतो. ते उद्या याहून चांगलं लिहील. माझी तक्रार अशी की ते संशय घेत नाही. झालांथसमधला पाणीवाला माझ्याकडे तिरका पाहतो, कारण त्याच्या मागे एक माणूस बसलेला आहे आणि त्या माणसाला आपलं पात्र गमवायचं नाही. यंत्राला गमवायचं काहीच नाही. त्याच्यासमोर केलेली भूमिका ही आरशासमोर केलेली भूमिका आहे, आणि तिला खेळ म्हणणं मी तरी मान्य करत नाही. 'मल्टिव्हर्स'वाली मंडळी हाडामांसाची आहेत, एवढाच त्यांचा बचाव. पण सगळ्यांना सगळं मंजूर करून त्यांनी स्वतःचं यंत्र करून घेतलं आहे.

मराठीत असा खेळ काढायची गोष्ट निघाली की पहिली सूचना काय येते, हे सांगायला नको. शिवकाल. आणि त्यात प्रत्येकाला एकतर बाजीप्रभू व्हायचं असतं नाहीतर तानाजी. चाळीस उमेदवारांचा बॅटमॅन पुन्हा हजर. इतिहासाबद्दलचा आदर म्हणून हे खपवलं जातं, पण खिंड आधीच लढली गेली आहे. खेळणाऱ्यानं तिथे फक्त पाठांतर म्हणायचं.

मला विचाराल तर १७६१ चा जानेवारी घ्या, पण पानिपत घेऊ नका. पुणं घ्या. पेशवा स्वतः उत्तरेकडे गेलेला, फौज आणखी उत्तरेला, आणि शहरात उरलेले सावकार, कारकून, भटजी, ज्यांची माणसं गेली आहेत अशा घरच्या बायका. बातमी नाही. नानासाहेबांना तरी पानिपत कसं कळलं? एका सावकारी पत्रातून, जे भेलशाजवळ वाटेत हाती लागलं. मग पुण्यातल्या पेढीवर एखाद्यानं अचानक उत्तरेची हुंडी स्वीकारायला नकार दिला, तर त्याचा अर्थ काय लावायचा? त्याला काही कळलं आहे की तो नुसता घाबरला आहे? ज्या खेळात फक्त शब्द आहेत त्याला अफवेइतकी योग्य सामग्री दुसरी कुठली?

आणि त्याहूनही सरस म्हणजे पुढची गोष्ट, तोतयाची. सदाशिवरावभाऊ रणात पडले की निसटले याची शंका वर्षानुवर्षं धुमसत राहिली, पार्वतीबाईंनी वैधव्य मानलं नाही, आणि 'मीच भाऊ' म्हणणारा माणूस उभा राहिला. रत्नागिरीच्या कैदेतून बाहेर पडून त्यानं कोकणातले किल्ले घेतले, फौज जमवली आणि १७७६ मध्ये त्याचा शेवट झाला. नाटककारांनी हा विषय केव्हाच उचलला, न. चिं. केळकरांचं 'तोतयाचे बंड' आहेच. पण रंगमंचावर नटाचा चेहरा दिसतो. मजकुरात चेहरा नसतो. 'मी भाऊ आहे' या वाक्याला तिथे बोलण्याखेरीज दुसरा पुरावाच नाही. समोरच्या मामलेदारानं ते मानायचं की बेडी घालायची? मानलं आणि पुण्याहून उलट हुकूम आला तर मान कुणाची जाईल? किल्लेदार, बंदरावरचा व्यापारी, पानिपताहून हात गमावून परतलेला शिपाई, भाऊंना लहानपणी पाहिलेली म्हातारी आश्रित: चाळीस खेळाडू सहज मावतात आणि एकालाही नायक व्हावं लागत नाही. यंत्राला सांगा की मी सदाशिवरावभाऊ, ते ताबडतोब मुजरा करील. तिथेच खेळ संपला.

'पण सावकाराचा कारकून व्हायला कोण येणार?' असं विचारणाऱ्यांना मी झालांथसचे पाणीवाले दाखवतो. येतात. महिनोन्‌महिने खेळतात, कारण त्यांच्याकडे असं काहीतरी असतं जे दुसऱ्याला हवं आहे. तेव्हा कुणी हा तोतयाचा खेळ खरंच काढणार असेल, तर पगड्यांची आणि पैठण्यांची वर्णनं मागाहून लिहावीत. आधी एवढं ठरवावं की भर पावसाळ्यात रत्नागिरीहून निघालेलं पत्र घाट चढून पुण्याला किती दिवसांनी पोचतं, वाटेत ते कोण कोण फोडू शकतं, आणि तो माणूस खरा भाऊ आहे की नाही हे, त्याची भूमिका करणाऱ्यासकट, कुणालाही सांगायचं नाही.