पायरीवरची माणसे

जुन्या रस्त्यांच्या आठवणींत आम्हांस बहुधा दुकानांच्या पाट्या आणि जिनसांचे भावच वाचावयास मिळतात. ज्यांच्या गाठीस पैसा नव्हता, ती माणसे त्यांतून गळून जातात. म्हणूनच अरुण कोलटकरांचा 'काळा घोडा पोएम्स' (२००४) हा इंग्रजी संग्रह आम्हांस मोलाचा वाटतो. मुंबईतील 'वेसाइड इन' या उपाहारगृहात बसून कवीने रस्ता न्याहाळला. लिहिले मात्र बाहेरच्यांविषयी. झाडूवाली, उघड्यावर पोराला न्हाऊ घालणारी बाई, इडलीवालीभोवती जमणारे निर्धन. इडल्या संपताच ती पंगत उठते. कवी खोटा दिलासा देत नाही. क्वचित करुणेवर विनोद कुरघोडी करतो, हे खरे. तरीही आठवणी लिहिणाऱ्या आमच्या बांधवांनी स्वतःस एवढे विचारावे : त्या दुकानाच्या पायरीवर कोण बसत असे?