राजाचे राजेपण

कल्पित राज्यांच्या भूमिकाखेळांसाठी तरुण मंडळी पुराणकथा रचतात. त्यांत राजांच्या वंशावळी असतात, दिव्य शस्त्रे व भाकिते असतात. प्रजा मात्र क्वचितच आढळते. आमच्या मते या रचनांतील मुख्य उणीव हीच होय.

नवी परंपरा कशी रुजते, हे लालबागेत पाहावे. बाजाराला कायमची जागा मिळावी म्हणून तेथील कोळी व विक्रेत्यांनी नवस बोलला. तो फळास आला आणि १९३४ साली तेथे गणपती बसला. पुढे तोच लोकांचा ‘राजा’ झाला. आमची श्रद्धा वेगळी आहे. तथापि त्या कथेचे मूळ कष्टकऱ्यांच्या गरजेत आहे, हे आम्ही आदराने नमूद करतो.

कॅथलिक लेखक टोल्किन यांनी हे मर्म जाणले होते. त्यांच्या ‘द रिटर्न ऑफ द किंग’ (१९५५) या ग्रंथात ॲरागॉर्नचे राजेपण मुकुटाआधी, रुग्णांना बरे करणाऱ्या त्याच्या हातांतून प्रकट होते.

पोप पायस अकरावे यांनी १९२५ साली ख्रिस्तराजाचा सण स्थापन केला. त्या राजाचा मुकुट काट्यांचा आणि सिंहासन क्रूसाचे. तेव्हा राजा कल्पिणाऱ्याने वंशावळीआधी एवढे ठरवावे: हा कोणाचे ओझे वाहतो?