तीन यंत्रे, दहा राग

परदेशात तबलजी आणि व्हायोलिनवाले एकाच शनिवारी मोकळे सापडणे म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. त्यामुळे मंडळांच्या कार्यक्रमांसाठी घरच्या कॉम्प्युटरवर ट्रॅक तयार करणारे आपल्यात पुष्कळ झाले आहेत. प्रस्तुत लेखक त्यांतलाच एक. अशी मंडळी भेटली की पहिला प्रश्न ठरलेला : "कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" माझे म्हणणे असे, की सॉफ्टवेअर घेण्याआधी एक जुनी रेकॉर्ड नीट ऐकावी.

चरणजित सिंग यांची 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टु अ डिस्को बीट' ही ती रेकॉर्ड. साल १९८२, गाव मुंबई. सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांतले वादक. त्यांनी रोलंड कंपनीची तीन यंत्रे घेतली : तालासाठी टीआर-८०८, खर्जातल्या चालीसाठी टीबी-३०३ आणि मुख्य सुरावटीसाठी ज्युपिटर-८ हा की-बोर्ड. त्यांवर ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग वाजवले. तेव्हा कोणी फारशी दखल घेतली नाही. २०१० मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि पाश्चात्त्य रसिक थक्क झाले, कारण शिकागोत १९८७ च्या सुमारास गाजलेल्या 'ॲसिड हाउस' संगीताचा कणा हेच ३०३ यंत्र होते. आधी कोणी केले हा वाद मला निष्फळ वाटतो. शिकागोच्या पोरांनी ही रेकॉर्ड ऐकल्याचा काही पुरावा नाही. आपल्याला त्यात शिकण्यासारखे आहे ते निराळेच.

३०३ मध्ये 'स्लाइड' नावाची सोय आहे. एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता यंत्र घसरत जाते. गिटारवाल्यांना सरावासाठी साथ मिळावी म्हणून बनवलेले हे यंत्र त्या कामात साफ नापास झाले, पण मींडेच्या आसपास जाणारे काहीतरी त्यात होते. माझ्या कानाला मालकंस चांगला उतरला आहे तो याचमुळे. चार कोमल-शुद्ध स्वर आणि षड्ज, खाली घसरता खर्ज, मधे भरपूर मोकळी जागा. शेकडो वाद्यांचे आवाज हाताशी असलेल्या आजच्या ट्रॅकवाल्याने ही मोकळी जागा मुद्दाम ऐकावी. आपल्या ट्रॅकमध्ये सतारही असते, बासरीही असते, मागे तीस व्हायोलिने असतात आणि गायिका बिचारी त्या गर्दीत लोकलच्या दारात उभी असल्यासारखी गाते.

तोडी मात्र फसली आहे, आणि ती का फसली हे कळणे जास्त उपयोगाचे. तोडीचे कोमल ऋषभ-गंधार की-बोर्डच्या पट्टीपेक्षा उतरते लागतात. पट्टी तिथे नसेल तर बोटांनी काय करावे? भूपाचे दुखणे आणखी नाजूक. भूप आणि देशकार यांचे पाच स्वर तेच. भूप गंधारावर उभा राहतो, देशकार धैवतावर. स्वरांची नुसती यादी यंत्राला दिली तर या दोघांतला फरक त्याला कळण्याचे कारण नाही. त्यातून की-बोर्डचा गंधार चढा. पांढरी एक हा षड्ज धरला तर की-बोर्डचा गंधार ३२९.६ हर्ट्झ येतो. तानपुऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो ३२७. दोन्ही एकदम वाजले की सेकंदाला अडीच-पावणेतीन हेलकावे पडतात. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली, त्यामागे हीच तक्रार होती. ती बंदी सत्तरच्या दशकात सैल झाली, पण पेटीवाले निदान आपली मर्यादा ओळखून गायकाच्या मागे राहत. आपला कॉम्प्युटर पुढे बसतो.

यावर इलाज आहे आणि तो फुकट आहे. सिंग यांच्या रेकॉर्डनंतर, १९८३ साली, 'मिडी' ही यंत्रांची समाईक भाषा आली. तिच्यात स्वर वाकवण्यासाठी १६,३८४ पायऱ्या आहेत, आणि बहुतेक वाद्यांत त्या वर दोन व खाली दोन अर्धस्वर एवढ्या टप्प्यात बसवलेल्या असतात. त्या हिशेबाने शुद्ध गंधार सुमारे ५६० पायऱ्या खाली ओढला की तानपुऱ्याशी मिळतो. हिशेब नको असेल तर तानपुरा लावून ठेवा आणि हेलकावे थांबेपर्यंत गंधार खाली आणा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये स्वरसप्तक बदलण्याची सोयही असते, पण कंपनी ती कुठल्या तरी खोल मेनूत पुरून ठेवते. इथे वाढणारी आपली मुले सा-रे-ग-म पुष्कळदा की-बोर्डवरच शिकतात. त्यांच्या कानात कुठला गंधार बसणार, हे आपण ट्रॅक करताना ठरवत असतो. म्हणून मला ही गोष्ट किरकोळ वाटत नाही.

तालाचे एक सांगायचे राहिले. सिंग यांचा ८०८ घड्याळासारखा चालतो, पण वरची सुरावट हाताने वाजवलेली आहे आणि ती मागेपुढे होते. रेकॉर्डमध्ये जीव आहे तो तिथे. आपण मात्र वाजवून झाले की 'क्वांटाइझ'चे बटण दाबतो आणि तो जीव घेतो. ते बटण तबल्याच्या ठेक्यापुरते ठेवावे, चालीला लावू नये. आणि हाताने वाजवताना यंत्र उशिरा उत्तर देत असेल तर आपला हात वाईट आहे असे समजू नये. सेटिंगमध्ये 'बफर' १०२४ असेल तर केवळ त्यानेच २३ मिलिसेकंद जातात, म्हणजे तबलजी आठ मीटर लांब बसल्यासारखा. तो १२८ वर आणा, तबलजी मीटरभरावर येऊन बसेल. आवाज तडतडू लागला तर २५६ वर समाधान मानावे.