जीवामृत, कुरण आणि कुंभाराचं गाढव

मी शेतीतज्ज्ञ नाही. माझं आयुष्य तर्कशास्त्र शिकवण्यात गेलं. त्यामुळे आज मी एकाच विधानाबद्दल बोलणार आहे: ‘घरी केलेलं जिवाणू खत हा कुरणासाठी रासायनिक खताला पर्याय आहे.’ यातला ‘पर्याय’ हा शब्द मला तपासायचा आहे.

जीवामृताची कृती तुम्हाला ठाऊक आहेच. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सुभाष पाळेकरांनी ती गावोगाव पोचवली. आता हिशेब करू. या पिंपातला सगळा नत्र मोजला तरी अर्धा किलो भरत नाही. युरियाच्या ४५ किलोंच्या एका गोणीत तो २० किलोंहून जास्त असतो.

यावर समर्थक म्हणतात, “अहो, हे पिकाचं अन्न नव्हेच, हे विरजण आहे.” ठीक, मान्य. पण मग ते शेवटपर्यंत मान्य करू या. विरजणानं दुधाचं दही होतं. पातेलंच रिकामं असेल तर विरजण काय करणार? जिवाणू मातीत अडकलेलं स्फुरद मोकळं करतात, नवं घडवत नाहीत. १००० लिटर दूध डेअरीला गेलं, की त्याबरोबर जवळजवळ एक किलो स्फुरद शिवाराबाहेर जातं. ते परत कशातून येणार, हे सांगावं लागेल.

नत्राची गोष्ट वेगळी. हवेत तो ७८ टक्के आहे, आणि द्विदल झाडांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू तो धरतात. हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी हे १८८६ मध्ये दाखवलं. म्हणजे पर्याय नुसत्या पिंपात शोधू नका. गवतात स्टायलो किंवा दशरथ घास मिसळून पाहा. युरियावाल्यांनीही एक लक्षात घ्यावं: युरिया देत राहिलं की गवत जोर धरतं आणि त्यातली द्विदल झाडं मागे पडतात.

एका शेतकरी मित्रांनी मला हिरवंगार कुरण दाखवलं. “सर, ही सगळी जीवामृताची करणी!” त्याच वर्षी त्यांनी दोन महिने गुरं आत सोडली नव्हती, आणि पाऊसही चांगला झाला होता. आपल्या न्यायशास्त्रात यासाठी शब्द आहे, ‘अन्यथासिद्ध’. घट तयार होण्याआधी माती वाहणारं गाढव हजर असतं, पण म्हणून ते घटाचं कारण ठरत नाही. जीवामृत इथे कारण होतं की गाढव, हे ते हिरवं कुरण सांगू शकत नाही.

ते कळायला प्रयोगशाळा लागत नाही. दोन पट्टे आखा. एकावर जीवामृत, दुसऱ्यावर तेवढंच साधं पाणी. चराईबंदी दोन्हीकडे सारखी. असे जोड तीन-चार ठिकाणी ठेवा, गवत कापून वजन करा, आणि दोन-तीन वर्षं करत राहा. गूळ-बेसनाला पैसे लागतात, पिंप रोज ढवळावं लागतं, आणि ढवळणारे हात बहुधा घरातल्या बाईचे असतात. तिच्या कष्टाचं खरंच गवत होतं का, एवढं तरी तिला कळायला हवं.