सापेक्ष पथ आणि प्लगइनची स्वायत्तता : वर्डप्रेसच्या संदर्भात

वर्डप्रेसचे सामर्थ्य तिच्या प्लगइन-रचनेत आहे. मूळ आज्ञावलीला हात न लावता नवी सुविधा जोडता येते. मात्र ही स्वायत्तता फाइलच्या पत्त्यापाशी डळमळते. पीएचपी भाषेत टिंबांनी सुरू होणारा सापेक्ष पथ, तो ज्या फाइलमध्ये लिहिला आहे तिच्यापासून नव्हे, तर चालू निर्देशिकेपासून मोजला जातो. परिणामी एकच प्लगइन मुखपृष्ठावर एका फोल्डरमध्ये, तर व्यवस्थापन विभागात दुसऱ्याच फोल्डरमध्ये आपली फाइल शोधू लागते. संपूर्ण पथ लिहून ठेवणे हाही उपाय नव्हे. सर्व्हर बदलताच तो बहुधा निरुपयोगी ठरतो. २००८ च्या २.६ आवृत्तीने आशयाचा फोल्डर अन्यत्र हलविण्याची मुभा दिल्यावर तर स्थानाविषयीचे प्रत्येक गृहीतक धोक्याचे झाले. २००९ मध्ये पीएचपी ५.३ ने फाइलची स्वतःची निर्देशिका सांगणारा स्थिरांक दिला. त्याच वर्षी वर्डप्रेस २.८ ने प्लगइनचा पथ देणारे फंक्शन आणले. साधने उत्तम आहेत. परंतु त्यांचा वापर ऐच्छिक आहे, हीच या रचनेची मर्यादा होय. शिस्त रचनेने लावलेली नाही, ती लेखकाच्या विवेकावर सोडली आहे. म्हणूनच अध्यापनात ‘प्रोग्रॅम चालला’ एवढीच कसोटी पुरेशी नाही. जागा बदलल्यावरही तो चालतो का, हे तपासणे अगत्याचे ठरते.