‘करील’ आणि ‘करू शकेल’: विकेंद्रीकरणाच्या दोन क्रियापदांविषयी

केंद्र-राज्य संबंधांवर आपल्याकडे भरपूर लिहिले जाते. राज्यपालांचे वर्तन, करातला वाटा, केंद्रीय योजनांचा जाच हे वादाचे ठरलेले विषय. पण या चर्चेतली सत्ता दिल्लीहून निघते आणि मंत्रालयापाशी थांबते. ती पुढे जिल्ह्यात आणि गावात का पोचत नाही, याचे उत्तर हवे असेल तर घटनेचा मजकूर क्रियापदांकडे लक्ष ठेवून वाचावा लागतो.

4 नोव्हेंबर 1948 रोजी डॉ. आंबेडकरांनी घटना समितीत खेड्यावर कठोर टीका केली. संकुचितपणा आणि अज्ञान यांचे ते आगर आहे, म्हणून व्यक्ती हाच घटनेचा घटक मानला याचे त्यांना समाधान होते. त्याच महिन्यात के. संथानम यांची दुरुस्ती स्वीकारली गेली आणि पंचायती अनुच्छेद 40 मध्ये आल्या. मात्र मार्गदर्शक तत्त्व म्हणून, न्यायालयात दाद मागता येणार नाही अशा जागी.

24 एप्रिल 1993 पासून लागू झालेल्या 73 व्या घटनादुरुस्तीने हे बदलले असे मानले जाते. ते अर्धे खरे आहे. पाच वर्षांची मुदत, महिला व अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा, राज्य निवडणूक आयोग, वित्त आयोग यांबाबत इंग्रजी पाठातले क्रियापद ‘शॅल’ आहे: राज्य हे करील. अधिकारांचा प्रश्न येतो त्या 243-जी मध्ये मात्र ते ‘मे’ होते: विधिमंडळ अधिकार देऊ शकेल. अकराव्या अनुसूचीतले 29 विषय या ‘शकेल’वर टांगलेले आहेत. यात निव्वळ लबाडी पाहणे अन्यायाचे ठरेल. स्थानिक शासन हा राज्यसूचीतला विषय. संसदेने फार आग्रह धरला असता तर राज्यांच्या स्वायत्ततेवर घाला आला असता. राज्यांचा मान राखताना गावाचा हक्क ऐच्छिक झाला, हा या मजकुरातला खरा पेच आहे.

ऐच्छिक मजकुराचा अर्थ वाचणाऱ्यावर अवलंबून असतो. केरळने 1996 मध्ये लोकनियोजन मोहिमेत योजनानिधीचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा भाग स्थानिक संस्थांकडे वळवला. महाराष्ट्राला तर दिल्लीच्या सांगण्याचीही गरज पडली नव्हती. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून केलेल्या 1961 च्या कायद्याने जिल्हा परिषद बलवान केली आणि जिल्हाधिकाऱ्याला तिच्याबाहेर ठेवले. बलवंतराय मेहता समितीने भर दिला होता तो गटपातळीवर. आपण आपला वेगळा विचार केला होता.

त्याच राज्यात आज जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष पालकमंत्री असतात. 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला, मुंबईची जकात गेली आणि महापालिकेचे हक्काचे उत्पन्न राज्याकडून येणाऱ्या भरपाईत बदलले. दिल्लीने आपल्याला भरपाईसाठी ताटकळत ठेवू नये, असे म्हणणारे राज्य आपल्या शहरांना त्याच रांगेत उभे करते.

पुढे ‘शकेल’पाठोपाठ ‘करील’ही ढिले पडले. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली. मुदतीपूर्वी निवडणूक पूर्ण करण्याचे बंधन 74 व्या दुरुस्तीने घातलेले असूनही तिथे प्रशासक आला; अनेक महापालिकांत आणि जिल्हा परिषदांतही तेच घडले. इतर मागासवर्गीयांचे आरक्षण आणि प्रभागरचना यांचा वाद खरा होता, पण त्या वादाची किंमत मंत्रालयाला मोजावी लागली नाही. निवडणुका घ्या, असे मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले.

या काळात 2011 पासून निम्म्या राखीव असलेल्या महिलांच्या जागाही रिकाम्याच होत्या. आंबेडकरांच्या आक्षेपाला 73 व्या दुरुस्तीने दिलेले सर्वांत चांगले उत्तर म्हणजे राखीव जागा. खेड्यातली सत्ता जुन्या मालकांकडेच राहू नये, यासाठीची ती तरतूद. सभागृहच भरत नसेल तर ते उत्तर कागदावर राहते. म्हणून संघराज्याची चर्चा करताना दिल्लीला विचारतो तोच प्रश्न मंत्रालयालाही विचारला पाहिजे: देऊ शकता, तर का देत नाही?